त्याचा घसा बसला नव्हता

यंदाच्या पोळ्यात मी जे केलं त्याबद्दल उत्सव समितीला माझी माफी हवी आहे. ती मिळणार नाही. त्याऐवजी खरं काय ते लिहून ठेवतो.

आमचं गाव मोताळ्याच्या अलीकडे. पोळ्याला सजवलेले बैल आखरावर, म्हणजे गावच्या मोकळ्या पटांगणात, तोरणाखाली रांगेत उभे राहतात आणि तोरण तुटायच्या आधी शेतकरी झडत्या म्हणतात. झडती म्हणजे चार ओळींचा टोला. पाटील असो की सरपंच, त्या घटकेला कोणालाही बोलता येतं आणि ऐकणाऱ्याने रागवायचं नसतं. माझा थोरला चुलतभाऊ यात पटाईत होता. ज्याच्यावर त्याची झडती पडे, तो माणूस मान खाली घालून का होईना, अडलेलं काम करून टाकायचा.

मी शाळेत मराठी शिकवायचो. मला वाटलं, ही कला गावंढळ राहिली आहे, तिला वळण लावावं. मी झडत्यांची स्पर्धा सुरू केली. विषय मीच द्यायचो: स्वच्छता, व्यसनमुक्ती, वृक्षारोपण. परीक्षकही मीच. कलेने समाजाला बोध द्यावा, असं दरवर्षी भाषणात सांगायचो. टाळ्या पडायच्या.

एका वर्षी गावात पाण्याची टाकी उभी राहिली आणि तिच्यात पाणी काही चढलं नाही. त्या पोळ्याला बक्षिसाची ढाल टाकीच्या ठेकेदाराने दिली होती. पाहुणाही तोच. भावाने टाकीवर झडती रचल्याचं कळलं, तसा मी सकाळीच त्याच्या गोठ्यात गेलो. तो बैलाच्या शिंगांना रंग देत होता. म्हटलं, दादा, यंदा विषय वृक्षारोपण आहे, तेवढं सांभाळ.

"झाडं लावाचं सांगाले सरकारी नर्सरी हाय ना बे मास्तर," तो म्हणाला. "त्याले झडती कायले पाह्यजे?"

विषय सोडलास तर तोरणाखाली उभं राहू देणार नाही, असं मी त्याला बजावलं.

दुपारी त्याची पाळी आली. तो उभा राहिला, माझ्याकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता बैल घेऊन निघून गेला. त्यानंतर त्याने झडती म्हटली नाही. त्याचा घसा बसला, असं मीच लोकांना सांगितलं आणि गावाने ते खरं धरलं. हळूहळू बाकीच्यांच्या झडत्याही निबंधासारख्या झाल्या. टाकी कोरडीच राहिली. गावात जाब विचारायची एक जागा होती, ती मी बक्षीस समारंभाला देऊन टाकली होती.

यंदा समितीने मला अध्यक्ष केलं. पाहुणा त्या ठेकेदाराचा मुलगा. मी भावाकडे गेलो आणि ती जुनी झडती मागितली.

"आता कायले?" तो म्हणाला. "टाकीवर पिंपळ उगवला. तुहा विषय झाला ना पुरा."

मी उठलो नाही. मग त्याने ती शिकवली. मी म्हणू लागलो की तो हात झटकायचा. कविता नको वाचू, भांडायला आल्यासारखं म्हण, असं त्याचं चाललेलं.

पोळ्याला मी भाषणाचा कागद खिशातच ठेवला आणि सुरू केलं:

टाकी बांधली उंच, पाया नाही खोल,
पानी नाही थेंबभर, निस्ता वाजते ढोल.
बैल माहा हंबरते, घसा सुकून गेला...

इथे माईक बंद झाला. आणि त्या गडबडीत चौथी ओळ माझ्या डोक्यातून गेली. पाहुणा उठायच्या बेतात होता. तेवढ्यात ट्रॅक्टरांच्या रांगेमागून, जिथे भाऊ काठी घेऊन बसला होता, तिथून ती आली:

टाकीचा शिमिट भाऊ, कोनाच्या माडीले नेला?

माईक नव्हता, तरी ती ओट्यांवरच्या बायांपर्यंत गेली. मग ढोलवाल्याने ढोलावर काठी हाणली आणि सगळ्या आखराने महादेवाचा गजर केला.

समिती म्हणते, मी सणाची शोभा घालवली. शोभेला पताका आहेत, बैलांच्या झुली आहेत. झडती त्यासाठी नसते. हे कळायला मला म्हातारं व्हावं लागलं, पण आता ते मी मागे घेणार नाही.

आणि त्याच्या घशाचं काय ते सगळ्या गावाने ऐकलंच आहे.