राखेतली मुडली

माघात एका सोमवारी माझी बायको वारली. मी शाळेत शिकवत होतो. मुलगी परीक्षेला गेली होती.

पुढं पावसाच्या तोंडावर मुलीला धारवाडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, हॉस्टेलचंही ठरलं. जायच्या आदल्या दिवशी ट्रंक उघडी ठेवून आम्ही दोघं घरभर फिरत होतो. आजवर कुणी कुठं निघालं की सामान बायको भरायची. मी वाचत बसायचो आणि शेवटी बॅगेची चेन लावायचो. आता काय घालायचं, तेच मला कळेना. मी शब्दकोश घातला. मुलीनं तो काढून ठेवला. मी तिच्या आईची जुन्या लुगड्यांची वाकळ घातली, मग काढली, पुन्हा घातली. तिचा वास घरात राहावा की मुलीबरोबर जावा, हे ठरत नव्हतं.

मुलगी ट्रंक सोडून स्वयंपाकघरातल्या डब्यांवर कागद चिकटवत होती. मीठ, साखर, मोहरी.

"मला मोहरी ओळखता येते," मी म्हणालो.

"आणि मीठ? परवा चहात काय घातलंत?"

पुढचा कागद चिकटवत ती पाठमोरीच म्हणाली, "अप्पा, मी न्हाई गेले तर?"

"जा," मी म्हणालो. तसं म्हणताना मला नक्की काय हवं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येत नाही.

संध्याकाळी माळ्यावर एका बुट्टीत मुडल्या सापडल्या. मुडली म्हणजे आमच्याकडचा अळूचा मोठा कंद. बायकोनं तिच्या माहेराहून, गुंदहून, ती आणली होती आणि दरवर्षी परसात लावायची. मी फक्त ताटातली मुडली ओळखत होतो. या तिच्या हातच्या शेवटच्या, मुलीनं खाव्यात, असं मनात आलं. पिशवीत बांधून मी त्या ट्रंकेच्या तळाशी घातल्या. त्यांना राख का लावलेली आहे, हा प्रश्न मला पडला नाही.

जोयड्याहून निघून, दांडेलीत बस बदलून आम्ही धारवाडला पोचलो. हॉस्टेलच्या खोलीत दुसऱ्या खाटेवर एक मुलगी आणि तिची आई बसली होती. आमच्या मुलीनं ट्रंकेतली पिशवी उचलली तशी राख तिच्या नव्या ओढणीवर सांडली.

"काय हो अण्णा," ती बाई म्हणाली, "पोरगी शिकाय आलीया का शेत कराय?"

आमची मुलगी हसली नाही. ती पिशवीत बघत राहिली.

"अप्पा, हे बियाणं हाय. आईनं राख माखून लावायला ठेवलेलं."

"मला वाटलं, खायला."

"हितं कोण शिजवणार? आणि हे खाल्लं तर आपल्या घरची मुडली संपलीच की."

"लावायची वेळ निघून गेली असेल."

"गेली असंल. तरी लावा."

"मला कुठं येतंय?"

"मग कुणाला येतंय?" असं म्हणून तिनं जीभ चावली. मग हळूच म्हणाली, "मला येतंय. मी येऊ का परत?"

खाटेवरच्या मायलेकी खिडकीबाहेर बघू लागल्या. मी हो म्हणालो असतो तर ती त्याच बसनं आली असती. मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

"फोनवर सांग," म्हणालो.

परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर होती. आपण मुलीला पोचवून आलो की तिच्यापासून काही काढून आणलं, याचा उलगडा जोयडा येईपर्यंत झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी फोन कानाशी धरून परसात उभा राहिलो. कोंब वर ठेवा, ती म्हणाली. आधी शेणखत घाला. एवढं खोल नको. ती मला दिसत नव्हती, मी तिला दिसत नव्हतो, तरी तिला कळलं की मी खोल खणतोय.

काही कंद कुजले. आता घरात मी आहे, ती वाकळ धारवाडला आहे, आणि परसात मुडलीची एक ओळ आहे.