एकुलती एक किडनी

माणसाला दोन मूत्रपिंडं असतात, असं मी म्हैसूरच्या एका शाळेत वर्षानुवर्षं शिकवत आलो. मुलांनी ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि मार्कही मिळवले. माझी स्वतःची मोजायचं मात्र कधी सुचलं नाही.

गेल्या श्रावणात कमरेत अशी कळ आली की मी स्वयंपाकघरातच आडवा झालो. स्कॅनिंग सेंटरच्या बाईंनी फोनवर सांगितलं, "येण्याआधी लिटरभर पाणी प्या आणि लघवीला जाऊ नका." फोनचा स्पीकर चालू होता. तिथंच घात झाला!

आमच्या घराण्यात आजाऱ्याची सेवा गुपचूप करायची पद्धत आहे. (आणि बाकीचे काहीच करत नाहीत, असं मनात धरायचीही.) सुमतीनं, म्हणजे बायकोनं, तांब्याभर बार्लीचं पाणी पाजलं. ती गाडीची किल्ली शोधायला वळली, तोच आईनं केळीच्या गाभ्याचा रस पुढे केला. "सुम्ने, मुकाट्यानं पी रे! तुझ्या बायकोला काय सुचणार नाही."

वाटेत मेहुण्यानं गाडी थांबवली. हा रघू नंजनगूडच्या कारखान्यातून खास रजा काढून आला होता. "भावजी, दोन एळनीरु मारा. खडा असा विरघळतो बघा!" त्यानं दोन शहाळी हातात दिली. नको म्हणावं तर बायकोच्या माहेरचा अपमान! प्यायलो.

सेंटरवर रांग होती. मला बसवेना, उभं राहवेना आणि शिंक आली असती तर काय झालं असतं, याचा विचारही करवेना. अशा वेळी रघू पेपरातली बातमी मोठ्यानं वाचू लागला. धरणातून पाणी सोडल्याची!

"रघू, बंद कर ते."

"ऐका तर भावजी, अजून दारं उघडणार म्हणे!"

अखेर नंबर लागला. आमच्यात आजाऱ्याला एकटं सोडत नाहीत, म्हणून सुमती, आई आणि रघू तिघंही माझ्यामागून आत शिरली. डॉक्टरबाईंनी पोटावरून यंत्र इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, पुन्हा इकडे आणलं.

"सर, तुमची उजवी किडनी कुठंय?"

"उजवीकडे," मी शिक्षकी आवाजात म्हणालो.

"नाहीये. जन्मापासूनच नसणार. डावी एकच आहे आणि खडा तिच्याच नळीत अडकलाय. वाट पूर्ण बंद झाली तर काम बघायला दुसरी नाही. आजच ॲडमिट व्हा."

"अय्यो!" आई कळवळली. "मी तर सगळं नीट घालून याला पाठवला होता हो! हा पहिल्यापासून वस्तू हरवतो!"

कोणीच हसलं नाही. सुमतीनं माझा हात घट्ट धरला. मला खरोखरच भीती वाटली. तेवढ्यात रघू पुढे आला आणि शर्ट वर करून माझ्या शेजारी उभा राहिला.

"डॉक्टर, माझी एक काढून घ्या. आत्ताच घ्या. सकाळपासून उपाशीच आहे मी."

मला भडभडून आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "किडनी कोणाचीच नकोय हो, खडा काढला की झालं. सर, तुम्ही खुशाल रडा, पण आधी बाथरूमला जाऊन या."

संध्याकाळी दुर्बीण घालून खडा काढला. रघू थोडा हिरमुसल्यासारखा वाटला. शुद्धीवर आलो तेव्हा तिघंही माझ्या पलंगाभोवती दाटीवाटीनं बसली होती. देवानं मला किडनी एक कमी दिली, पण माणसं भरभरून दिली. त्यांचे आभार मानायला तोंड उघडलं, तर सुमतीनं त्यात चमचाभर पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी रिपोर्ट समजावला. डावी किडनी आकारानं जरा मोठी आहे, कारण जन्मापासून ती एकटीच दोघींचं काम तक्रार न करता ओढते आहे. माझ्या अंगात काहीतरी कामसू आहे, याचा तो पहिलाच पुरावा होता! बाकीचा मी नेहमीसारखाच आडवा पडून होतो.