चार पांढरे पाय

घोडा पारखावा तं म्याच, साऱ्या राजापेठेत माह्या तोडीचा मानूस नव्हता. म्या पारखून आणलेला पहिला घोडा पाचव्या दिवशी भर रस्त्यावर समोरचे टोंगळे टेकून पडला, अन माहे समोरचे दोन दात घेऊन गेला.

सायकल रिक्शे नवे नवे आले व्हते तेव्हाची गोष्ट. माही म्हातारी घोडी पोट फुगून मेली. टांगा दारात रिकामा उभा. अड्ड्यावरचा नेम असा का, पंधरा दिवस ज्याचा टांगा लागला नाई त्याची जागा दुसऱ्याची. अकरा दिवस झाले व्हते. जागा गेली का आमची भाकर गेली.

सासरा आमच्याचकडं राहे, म्या त्याले मामाजी म्हनो. तीस वर्सं टांगा हाकलेला, आता कंबर धरलेली. दोनशे रुपये कमरेले बांधून आमी दोघं मूर्तिजापूरच्या बाजारात गेलो.

घोड्याच्या बाजारात नुसती मारामारी. गिऱ्हाईक आलं का व्यापारी जनावराच्या पोटाखाली काठी हाणे, मंग थे मान वर करे, अन हा म्हने, "पाहा पानी कसं हाये त्याचं!" एकानं तं लगाम असा ओढला का घोड्याच्या तोंडातून रगत आलं. मी म्हनलं, वा, काय तेज हाये! असा मी पारखी.

आमच्या पैशात दोन जनावरं बसत व्हती. एक काळी घोडी. मामाजीनं तिच्या पायावरून हात फिरवला, खूर उचलून पाह्यले, चालवून पाह्यली.

"पाठ खोल हाये, चालते," थे म्हनले. "मान आखूड हाये, चालते. वय झालं, तेही चालते. दोनशे रुपयात सारं चांगलं भेटत नाई, जावईबापू. कोनती खोड पत्करायची येवढंच आपल्या हातात हाये. पाय ओळंब्यात हायेत हिचे, सरळ. घ्या."

पन म्या तिच्या डोळ्याखाली भोवरा पाह्यला. आमच्या बापानं शिकवलं व्हतं, डोळ्याखाली केसाचा भोवरा म्हंजे आसूढाळ, त्या घरात रडनं येते.

"मामाजी, घरात रडनं आलं तं?"

"भोवऱ्यानं टांगा पडत नाई. अन रडाले तुमी एकटे पुरे."

दुसरा लाल घोडा. पंचकल्याणी! चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. असा घोडा दारात आला का लक्ष्मी आली म्हनतात. उभा मात्र काळ्या चिखलात व्हता. मले कोन फसवते? चुना तं नाई लावला? म्या बादली मांगतली, चिखलात बसलो, अन चारी पाय धुतले. आंगठ्यानं घासून पाह्यले. रंग पक्का! साऱ्या बाजारानं पाह्यलं का समोरचा एक पाय अकोल्याकडं तोंड करून हाये अन दुसरा अमरावतीकडं. म्या नाकाजवळ धरून धुतले, पन मले पांढरा रंगच दिसला.

मामाजीनं दोर धरला. "हा चालताना सोताच्याच पायाले खूर मारीन. पडन."

"तुमाले काय समजते शकुनातलं? सोडा दोर!"

"पोरगी देताना म्या तुमचे पाय पाह्यले, जावईबापू. डोकं पाहाचं राह्यलं."

व्यापारी हसला. मले मिरची लागली. म्या म्हाताऱ्याले ढकललं. थे दुखऱ्या कमरेवर चिखलात पडले. काठी टेकून उठले, धोतर झटकलं, अन असी कानफटीत देली का मले चार पांढऱ्या पायाचे आठ दिसले. "घ्या, जावईबापू," म्हनले. मारतानाही तू नाई, तुमीच.

जावयाले सासऱ्यानं बाजारात मारलं! आता मांगं हटलो तं लाज जाते. म्हनून घोडा घेतला.

बायकोनं कुंकू लावलं. टांगा अड्ड्यावर लागला, जागा वाचली. तिसऱ्या दिवशी खूर लागून लागून घोड्याचे पांढरे पाय आतल्या बाजूनं रगतानं लाल झाले. मामाजी रोज सांजले त्याच्या पायाले पोत्याच्या चिंध्या बांधत, अन मी सकाळी सोडून टाको. पांढरे पाय झाकले तं लक्ष्मीले दिसन कसे?

पाचव्या दिवशी एक वकील, त्याची बायको अन तीन ट्रंका. गाडीची वेळ झाली व्हती, म्या चाबूक हाणला. उतारावर खूर खुराले लागला. घोडा टोंगळ्यावर गेला, टांगा त्याच्यावर, मी सगळ्याच्या समोर. दात तिथंच पडले. वकील उठला अन छत्रीनं मले झोडपलं. बाईच्या डोक्यातून रगत वाहे, तरी तिनंही एक चप्पल हाणली.

मंग मी उठलो. आता सांगाची लाज वाटते. चाबकाचा दांडा उलटा धरला अन पडलेल्या घोड्याच्या तोंडावर मारत सुटलो. वकिलावर मले हात उचलता येत नव्हता, मामाजीवर उचलता येत नव्हता. घोडा उठाले पाहे अन त्याचेच पाय त्याले पाडत.

मामाजी अड्ड्यावरून लंगडत आले. माह्या हातातून चाबूक घेतला अन दोन फटके माह्या पाठीवर ओढले. मंग चिखलात बसले, घोड्याचे पट्टे सोडले, आपला रुमाल फाडून त्याच्या पायाले बांधला.

मी तोंडातलं रगत थुकत म्हनलं, "मामाजी, घोडा इकून टाकू. खोडीचा हाये."

"घोडा राहीन. चिंध्या बांधून मी हाकतो त्याले, हळू." चाबूक मामाजीनं आपल्या कमरेले खोसला. "उद्यापासून तुमी गवत आना, जावईबापू. तुमच्या हातात इळाही देताना भेव वाटते."