खडूच्या खुणा

आमच्या महाडच्या वाचनालयातून कवितांची पुस्तकं नेमाने नेणारा सभासद एकच. नाते गावाहून येतो, बाजारपेठेतल्या शिंप्याकडे काम शिकतो. टेप गळ्यात तशीच ठेवून उभ्यानेच वाचतो. मत विचारलं की मान खाली. फारच खोदलं तर म्हणतो, "ताई, कवी बरा हाय, पण कमरेत ढगळ."

खरी मतं तो पुस्तकातच मांडतो, शिंप्याच्या खडूने. आत घ्यायच्या ओळीला उभी रेघ, कापायच्या ओळीवर फुली. पुस्तक परत आलं की मी फडक्याने खडू झटकते आणि मगच ते कपाटात लावते. कारण पुस्तक खराब करणाऱ्याचं सभासदत्व रद्द, असा आमच्या अध्यक्षांचा नियम आहे.

परवा त्याने अध्यक्षांचाच कवितासंग्रह परत आणला आणि मी फडकं उचलण्याआधीच अध्यक्षांनी तो उघडला. पानोपान फुल्या.

"हे कोणी केलं?"

"मी, सर. खडू हाय, झटकला की जातो."

"पण एवढ्या फुल्या?"

त्याला राहवलं नाही. "कापड चांगलं हाय, सर. पण दोघांचं एकालाच घातलंय."

मी त्याचं कार्ड रद्द करायला बाहेर काढलं. अध्यक्ष पानं उलटत शेवटपर्यंत गेले. तिथेही फुली होती.

"इथपर्यंत वाचलंस?"

"फुली मारायची तर वाचायला लागतं ना, सर."

त्याच्याआधी तो संग्रह कुणी घरीसुद्धा नेला नव्हता. अध्यक्षांनी चष्मा पुसला. मग माप द्यायला उभं राहावं तसे ते हात पसरून त्याच्यासमोर उभे राहिले.

"सांग, कुठून कुठून आत घ्यायचं?"

मुलाने गळ्यातली टेप काढली. मी कार्ड परत जागेवर ठेवलं.