येळवसाचा नेम

येळवसाला आमच्या कमलनगरात घर राखायला कुणी थांबत नाही. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला सगळं गाव शिवारात जेवतं. चोरसुद्धा आपापल्या शेतात अंबील पीत बसलेले असतात. तरी तीन-चार वर्षं मी “घराला राखण नको का?” म्हणत एकटीच मागे राहिले. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्याआधीच्या येळवसाला मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवायला दोघं वरून ओढत होते आणि दोघं खालून ढकलत होते. सगळे हसले. मीही हसले, सगळ्यांत मोठ्यानं. घरी येऊन मात्र खूप रडले आणि ठरवलं, पुन्हा ट्रॉलीत चढायचं नाही. चालत जावं तर माझे गुडघे वेशीपाशीच हात टेकायचे.

उदगीरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन उतरवा, कमी खा, रोज चाला. ऐकायला सोपं आहे. आमच्या गल्लीत राहून करून दाखवा म्हणावं! चहा नको म्हटलं की “आमचा चहा चालंना व्हय तुला?” आणि घरात माझी थोरली जाऊ. तिला सगळे अक्का म्हणतात. स्वतः काटकी, पण दुसऱ्याच्या ताटात मोकळी जागा दिसली की तिचा जीव खालीवर होतो. मी ताटावर आडवा हात धरायचे. ती तो हळूच बाजूला सारून पोळी वाढायची, वर तूप. “डाक्टर म्हणंना का. एका पोळीनं काय होतंय?”

एका दुपारी माझा संयम सुटला.

“अक्का, मला येळवसाला शेतात जायचंय. माझ्या पायांनी. तुम्ही असंच वाढत राहिलात तर जाईन, पण चौघांच्या खांद्यावरून.”

अक्काच्या हातातला पळा तसाच राहिला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर तिनं बायकांना सांगितलं, “हिनं नेम धरलाय. हिला कुणी खायचा आग्रह करू नगा.” आमच्याकडे डॉक्टरचं कुणी ऐकत नाही, पण नेम मोडायला कुणी धजत नाही. मला वाटलं, सुटले.

संध्याकाळपासून डबे सुरू झाले. नेम म्हणजे उपास, असंच सगळ्यांनी धरलं होतं. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याचे लाडू. नेमाचं माणूस उपाशी राहू नये म्हणून घराघरातून माया उतू जात होती, आणि अक्का मोठ्या भक्तिभावानं ते सगळं मला खाऊ घालत होती.

महिन्याभरानं वजन बघायला आम्ही धान्याच्या ओळखीच्या अडतीवर गेलो. तिथल्या पोत्यांच्या काट्यावर मी उभी राहिले. वजन वाढलं होतं. “काटा बिघडलाय,” अक्का म्हणाली आणि तिनं हमालाकडून तुरीचं पोतं ठेवून बघितलं. काटा बरोबर होता. अक्काचं तोंड एवढंएवढं झालं. मला राग आला होता, पण तिच्याकडे बघून हसू फुटलं.

दुसऱ्या सकाळी ती पुन्हा नळावर उभी राहिली. “नेम खायचा न्हाई, चालायचा हाय. येळवसाला ही पायी शिवारात जाणार. ज्याला पुण्य पायजे त्यानं हिच्यासंगं चालावं. घरून काय पाठवायलात? काय बी पाठवू नगा!”

त्या संध्याकाळी चौघी-पाचजणी दारात आल्या. आम्ही शेताचीच वाट धरली, कारण त्या वाटेवर घर नाही आणि घर नाही म्हणून चहा नाही. सुरुवातीला मी नाल्याच्या पुलावर बसायचे. मग त्याही बसायच्या. ऊठ म्हणून कुणी मागे लागायचं नाही. शेजारची कानडी काकू तेवढी “स्वल्प, स्वल्प” म्हणत मला पुढच्या बाभळीपर्यंत न्यायची. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्या. शेत मात्र अजून लांबच होतं. घरी अक्का माझ्यासारखीच भाकरी आणि पालेभाजी खाऊ लागली. ती आणखी वाळली, आणि मलाच तिला वाढायची इच्छा व्हायला लागली.

माझं वजन उतरलं, पण डोळ्यांत भरण्याइतकं नाही. मी अजून जाडच आहे.

येळवसाला ट्रॅक्टर हॉर्न वाजवत आमच्या पुढे निघून गेला. आम्ही बायका मागून चालत गेलो. बांधावर पोचले तेव्हा कडब्याच्या छोट्या झोपडीशी, कोपीशी, पूजा व्हायची होती. मी दम खात उभी राहिले आणि कितीतरी वर्षांनी आमची तूर बघितली. डोळे भरून आले. ऊन लागलं म्हणून सांगितलं.

जेवायला पंगत बसली. भाज्या आणि ओले दाणे घालून बेसनात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, अंबील. पोट भरलं होतं, तेवढ्यात चुलत सासूबाई पुन्हा भज्जीचा पळा घेऊन आल्या.

“घे गं. येळवसाला न्हाई म्हणू नये.”

त्यांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती.  तेवढ्यात माझ्या ताटावर एक आडवा हात आला. काटकुळा, हिरव्या बांगड्यांचा.

“पुरं तिला,” अक्का म्हणाली. “तिला चालत घरी जायचंय.”