लाल दोऱ्याची खूण

शंका घेणं हा माझा धंदाच आहे. जिनिंगमध्ये कापसाची गाडी आली, की वरचा पांढराशुभ्र कापूस बघून मान डोलावणारा ग्रेडर मी नव्हे. मी कोपरापर्यंत हात खुपसतो आणि तळाची ओल शोधतो. बाभुळगावहून वणीच्या जिनिंगमध्ये बदली झाली, तेव्हा ही सवय सामानासोबत आली. मोटारसायकल आली. बायकोही आली, पण कुरकुरत.

महिनाभरात तिला खोकला लागला. "अजी, इथली हवा मले मानवून नाही राह्यली," ती म्हणायची. तिचं माहेर बाभुळगावातलंच. मी लगेच ताडलं, हा माहेरी जायचा बहाणा आहे. एकदा तर मी दाराआड उभा राहून कान दिला. ती खोकत होती. मी आलोय हे तिला कळलं असणार, असं मी ठरवून टाकलं.

त्याच सुमारास गाडी ओढेनाशी झाली. चौकातल्या गॅरेजवाल्या चाचांनी एअर फिल्टर चोक झाल्याचं सांगितलं आणि साफ करून दिला. तीन आठवड्यांनी गाडीचं रडगाणं परत सुरू. चाचा परत तेच म्हणाले. माझं डोकं सणकलं. बाभुळगावला हाच फिल्टर सहा-सहा महिने टिकायचा. म्हणजे मागच्या वेळी यांनी कव्हर उघडलंच नव्हतं! चार गिऱ्हाइकांसमोर मी तसं बोलूनही गेलो.

चाचांनी आवाज चढवला नाही. पेचकस माझ्या हातात ठेवला. "शक असन तं सोताच खोला, साहेब. मी सांगतो, तुमी करा."

शिकवतानाही हे काहीतरी लपवणार, म्हणून मी मोबाईल समोर टेकवून व्हिडिओ सुरू केला. स्क्रू काढले, बाजूचं कव्हर निघालं, आत तळहाताएवढा स्पंज. तो पेट्रोलमध्ये बुडवला आणि धुणं पिळावं तसा पिळला.

"अरे, पिळू नका! फाटन नं. दोन्ही हातानं नुसता दाबा."

यातही मला डाव दिसला. पण स्पंजाचा कोपरा खरंच फाटला होता. खालचं पेट्रोल डांबरासारखं झालं होतं. आता हा वाळवायचा, त्यावर इंजिन ऑइल सोडायचं आणि जास्तीचं दाबून काढायचं. "कोरडा बसवला तं धूळ सरळ इंजिनात जाते," चाचा म्हणाले. तेल मी घरी लावतो, असं सांगून मी स्पंज घेतला आणि गाडी ढकलत निघालो. त्यांच्यासमोर काही बसवायचंच नव्हतं मला.

घरी बायकोला फाटका कोपरा लाल दोऱ्यानं शिवायला सांगितला. "लालच काहून?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "कोणी बदलला तं कळलं पाहिजे." तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खोकत खोकत चार टाके घातले. मी तेल लावून फिल्टर बसवला. मग गाडी अशी पळाली, की चाचांना पकडल्याचा आनंद मला आठवडाभर पुरला.

दोन आठवड्यांनी सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडी परत कुथू लागली. ओसरीवरच कव्हर काढलं. स्पंज काळाकुट्ट. पहिला विचार आला, कोणीतरी बदलला! मी कोपरा शोधला. टाके काळे पडले होते. नखानं खरवडले तेव्हा खालून लाल दोरा निघाला.

मी धुतलेला, मीच बसवलेला. मधे कोणाचा हात लागलेला नाही.

दारावरून खाणीकडचा कोळशाचा ट्रक गेला. रोजच जातात. मागे उडालेली धूळ सावकाश ओसरीवर येऊन बसली. ही ओसरी रोज काळी का होते, यावर माझं उत्तर ठरलेलं होतं: बायको नीट झाडत नाही. आत ती खोकत होती. या खेपेला मी ऐकतोय हे तिला ठाऊक नव्हतं.

मला लाज वाटली. चाचांकडे कोणत्या तोंडानं जायचं हा प्रश्न होताच, पण तो नंतरचा.

मी आत गेलो. "चाल, दवाखान्यात जाऊ."

"आज काहून?"

मी स्पंज पुढे केला. तिनं आपले टाके ओळखले.

"दीड महिन्यापासून मी सांगून राह्यली, ते खोटं," ती म्हणाली. "अन् या गाडीच्या चिंधीनं सांगतलं, ते खरं?"

मी स्पंज धुतला, न पिळता दाबला, वाळवला, तेल लावून बसवला. तोवर ती साडी बदलून दारात येऊन उभी होती. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली.

एरवी ती माझ्या खांद्यावर हात ठेवून बसते. त्या दिवशी दवाखान्यापर्यंत तिनं मागची दांडी धरून ठेवली.