जनरेटरला घातलेला अभिषेक

मित्रमंडळी, आज सकाळी बिबवेवाडीत आमच्याकडे वीज गेली. तेव्हापासून मनात एकच विचार आहे: कांबळेताई घरी नसत्या तर?

तळमजल्यावरच्या जोशीकाकांचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं. त्यासाठीच इमारतीने छोटा पेट्रोल जनरेटर घेतलाय आणि तो सांभाळणं माझ्याकडे आहे. मी दोरी ओढली. तो जरासा खोकला आणि बंद पडला. जोशीकाकू खिडकीतून म्हणाल्या, "अहो, आता जोडलेला ऑक्सिजनचा सिलिंडर फार वेळ पुरायचा नाही."

शेजारच्या कांबळेताई खाली आल्या. त्यांनी टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं. बाटलीच्या तळाशी पाण्याचा थर दिसला.

"काल खंडेनवमीला काय काय धुतलंत?"

"जनरेटर पुसला. पेट्रोलचा कॅन आतून धुतला." त्याच ओल्या कॅनमधून पेट्रोल आणून मी टाकी भरली होती.

"खंडेनवमीला पूजा करतात हो, अभिषेक नाही!"

बोलता बोलता ताईंनी टाकी रिकामी केली, कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून तिथलंही पाणी काढलं आणि स्वतःच्या स्कूटरमधलं पेट्रोल घातलं. जनरेटर सुरू झाला. काकांनी आतून हात हलवला.

सोसायटीच्या ग्रुपवर आता पेट्रोल पंपाच्या भेसळीवर चर्चा चाललीय. ताईंनी माझं नाव घेतलेलं नाही. म्हणून मीच सांगतो, भेसळ माझी होती. ताई, मनापासून आभार.

आणि तुम्ही काल धुतलेले कॅन वाळलेत ना? एकदा बघून या.